तपासणीच्या ठिकाणी पाणी पिऊ नये

मी आठवीतून शाळा सोडली. त्यामुळे ज्यांनी ती पुरी केली त्या सगळ्यांचं मला उगाच दडपण येतं आणि ते माझ्याशी नुसते बोलले तरी उपकार वाटतात. एटीएमच्या पडद्यावर ‘धन्यवाद’ आलं की मी मान हलवून ‘थँक्यू’ म्हणतो. ट्रॅफिक हवालदारानं पावती फाडली तेव्हाही म्हणालो होतो, तर तो दचकून माझ्या तोंडाचा वास घ्यायला लागला. बायको म्हणते, “उद्या कुत्रं चावलं तर त्यालाबी थँक्यू म्हणताल तुम्ही.” सांगता येत नाही. कुत्रं कसं आहे त्यावर आहे.

असा माणूस सरकारी कामांच्या तपासणीवर लागला, हे कुणालाच खरं वाटत नाही. मलाही सकाळी उठल्यावर थोडा वेळ वाटत नाही.

आमचं गाव हिंगोलीकडं. तिथून मी विरारला आलो तो चंदनसारच्या एका इमारतीचा वॉचमन म्हणून. त्या इमारतीच्या तळमजल्यावर एका मॅडमची लॅब होती. मॅडम रत्नागिरीकडच्या, इंजिनियर, बोलायला कमी आणि बघायला जास्त. एक दिवस त्यांचा माणूस आला नाही म्हणून त्यांनी मला एक जड मशीन टेम्पोत चढवायला सांगितलं. मी आधी टेम्पोत माझं पोतं अंथरलं, मग ते तान्ह्या बाळासारखं उचलून त्यावर ठेवलं. मॅडम म्हणाल्या, “लॅबमध्ये येतोस का?” मी म्हणालो, “मॅडम, शिक्षण नाही.” त्या म्हणाल्या, “मशीनलाही नाही.” त्या दिवसापासून त्यांनी मला दरीत उडी मार म्हटलं असतं तर मी फक्त विचारलं असतं, कोणत्या बाजूनं.

लॅबचं काम सोपं करून सांगायचं तर असं. सरकारी खातं रस्ता, गटार, भिंत बांधायला ठेकेदाराला देतं. ठेकेदार बांधतो. त्यानं नीट बांधलं का हे खात्याचे साहेब बघतात. आणि साहेबांनी नीट बघितलं का, हे बघायला ह्या दोघांपैकी कुणाचाच नसलेला तिसरा माणूस लागतो. ते तिसरे म्हणजे आम्ही. मशीनला पेल्यासारखं पोकळ, गोल पातं लावून आम्ही काँक्रीटमधून एक गोल तुकडा कापून काढतो. त्याला कोअर म्हणतात. मग तो लॅबमध्ये दाबून फोडतात, आणि किती दाबाला फुटला त्यावरून काम खरं की खोटं ते ठरतं. मी कापताना पाण्याची नळी धरतो, नाहीतर पातं तापून जळतं. एवढंच माझं काम. पण गावात बातमी पोचली की पोरगा सरकारचं ऑडिट करतो. वडिलांनी फोन केला. म्हणाले, “सरकारला कळलंय का हे?”

मॅडमचा नियम एकच होता. तपासणीच्या ठिकाणी कुणाकडून काही घ्यायचं नाही. चहा नाही, बिस्कीट नाही, पाणीसुद्धा नाही. टेम्पोत पाण्याचे दोन कॅन असायचे, एक मशीनसाठी, एक आमच्यासाठी. “आपण तिथं पाहुणे नसतो,” मॅडम म्हणायच्या. हा नियम सांगायला सोपा आहे. पाळायला गेलं की कळतं, आपल्याकडे माणूस दारात आल्यावर त्याला काही न देता परत पाठवणं हे जवळपास भांडण काढल्यासारखं असतं आणि दिलेलं न घेणं तर त्याहून वाईट.

तरी मी पाळला, फार कडक पाळला. तुळिंजला एका कामावर ठेकेदाराच्या ऑफिसात सत्यनारायण होता. त्यांचा माणूस द्रोणात प्रसाद घेऊन माझ्याकडे आला. मी हात जोडले. तो पुढे आला, मी मागे सरकलो. तो आणखी पुढे आला, तसा मी रस्ता ओलांडून पळालो, थेट भाजीवाल्यांच्या मधून. एक बाई ओरडली, “चोर काय रे?” प्रसाद नाकारला म्हणून दुपारभर मला देवाची भीती वाटत राहिली. शेवटी केळी घेऊन एका गायीला घातली आणि मनात म्हणालो, देवा, ही तुझ्याच खात्यावर धर. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. मी इतका फुगलो की घरी येऊन बायकोला सांगितलं, आता मला कुणी विकत घेऊ शकत नाही. ती म्हणाली, “कोण आलं होतं घ्यायला?”

तर अशा फुगलेल्या अवस्थेत मी वसईकडच्या गिरीजला गेलो.

तिथं एका वाडीच्या कडेनं खात्यानं नवं गटार बांधलं होतं. कुठल्या खात्यानं ते सांगत नाही, मॅडमना आवडणार नाही. वाडीत बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, पिढ्यान्‌पिढ्या खणून राखलेलं, ह्याच पाण्यावर केळी, माड, भाजी सगळं जगतं. नव्या गटाराची भिंत ह्या बावखलाला लागूनच होती आणि ती झिरपत होती. सगळ्या नव्या इमारतींचं सांडपाणी हळूहळू बावखलात उतरत होतं. वाडीच्या मालकीणबाईंनी तक्रारी करून करून आमची तपासणी लावून घेतली होती. कोअर कमजोर निघाला तर ठेकेदाराला भिंत पाडून पुन्हा बांधावी लागणार. चांगला निघाला, किंवा तपासणीच बाद झाली, तर भिंत तशीच राहणार आणि बावखलाचं गटार होणार. हे मॅडमनी मला टेम्पोतच समजावलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

ऑक्टोबरचं ऊन होतं. खात्याचे साहेब आले होते, ठेकेदाराचा सुपरवायझर आला होता. सुपरवायझर बोलायला गोड. मॅडम मोबाइलमध्ये बघून कोअरची जागा ठरवत होत्या, तर हा म्हणाला, “मॅडम, इथं घ्या ना. इथं मस्त सावली आहे.”

मॅडम म्हणाल्या, “सावलीत काँक्रीट लवकर पिकतं का?”

त्या त्यांच्या जागेवरच खडूनं खूण करून साहेबांबरोबर पुढची जागा ठरवायला गटाराच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या. आमचा मशीनवाला आणि मी कापायला लागलो. सुपरवायझर शेजारी खुर्ची टाकून बसला.

भिंत बाहेरून ओली होती पण पातं भलतंच तापत होतं. मशीनचा कॅन संपत आला. मला धडकी भरली. पातं जळालं तर मॅडमचं नुकसान, आणि मॅडमचं नुकसान म्हणजे माझ्या दृष्टीनं जगबुडी. मी धावत जाऊन आमच्या पिण्याचा कॅन आणला आणि तोही नळीतून घातला. कोअर सुटून आला. मशीनवाला विडी ओढायला नाक्यावर गेला. आणि मग मला कळलं की घशाला कोरड पडलीय आणि प्यायला थेंब नाही.

“ए, तू. इकडे ये.”

फाटकाशी मालकीणबाई उभ्या होत्या. सत्तरीच्या, नाकाच्या टोकावर चष्मा, हातात तांब्या. घरातल्या कुणाला तरी त्या आपल्या वाडीच्या बोलीत काहीतरी ओरडल्या, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. मग माझ्याशी एकदम स्वच्छ, पुस्तकातल्या मराठीत म्हणाल्या, “ऊन लागलंय तुला. ओठ बघ कसे झालेत. पाणी पी.”

“नको मावशी. आमचा नियम आहे.”

“मावशी नाही. टीचर म्हण. सगळं गाव टीचर म्हणतं. चाळीस वर्षं शिकवलंय मी.”

ठेकेदाराचा साहेब असता तर मी पळालो असतो. मंत्री असता तरी बहुतेक पळालो असतो. पण टीचरपासून मी एकदाच पळालो होतो, आठवीत, आणि ते पळणं अजून माझ्या मागे लागलेलं आहे.

“किती शिकलास?”

“आठवी.”

“आठवी पास की नापास?”

“टीचर, परीक्षेला बसलो नाही.”

“बस आता. ओटीवर बस. हात धू आधी.”

मी हात धुतले, बसलो, पाणी प्यालो. त्यांनी ताटली आणली. ताटलीत सुकेळी होती. ही इकडची खास वस्तू, वाडीतली राजेळी केळी उन्हात सुकवून मधासारखी गोड आणि तपकिरी झालेली. “नुसतं पाणी पिऊ नये. खा,” टीचर म्हणाल्या. मी खाल्लं. आणखी एक ठेवली, तीही खाल्ली. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो, कारण त्यावर माझा तेव्हा फार विश्वास होता. नियम ठेकेदारासाठी आहे, असं चाललं होतं. ठेकेदार लबाड असू शकतो. टीचर कशा लबाड असतील? ज्यांच्यासाठी तपासणी आहे त्यांच्याकडचं पाणी म्हणजे आपल्याच माणसाचं पाणी.

टीचर बावखलाकडं बघत होत्या. पाण्यावर राखाडी साय धरली होती. कडेच्या केळींची पानं पिवळी पडली होती. “मासे गेले सगळे,” त्या म्हणाल्या. “माझ्या आजेसासऱ्यांनी खणलेलं. आमच्या लग्नाचं जेवण ह्या पाण्यावर झालं. आता हात घालायची किळस येते.” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “हे बघ, माझ्या बाजूनं काही लिहा असं मी म्हणत नाही. जे आहे ते लिहा.” आणि वाळक्या पानात सुकेळी बांधून माझ्या हातात दिली. “बायकोला दे.”

“थँक्यू टीचर,” मी म्हणालो. बहुधा तीनदा.

फाटकाबाहेर आलो तर सुपरवायझर उभा. मोबाइल हातात.

“काय दादा, झाला का पाहुणचार? मस्त शूट झालंय. बघणार?”

त्यानं दाखवलं. मी पडद्यावर सुकेळी खात होतो. इतक्या मन लावून खाणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

“तपासणीवाले तक्रारवालीच्या ओटीवर जेवतात,” तो म्हणाला. “और हमारे चाय में क्या जहर है?”

इथं एखाद्या शहाण्या माणसानं मॅडमना फोन केला असता. मी आमच्या गावची रीत आठवली. आमच्याकडे भावकीत दोन घरांचं भांडण असलं की मधे पडणाऱ्यानं एका घरी चहा घेतला तर दुसऱ्या घरीही घ्यावाच लागतो. नाही घेतला तर तो त्या बाजूचा ठरतो. माझे चुलते असे मिटवामिटवीला गेले की संध्याकाळपर्यंत चहानं पोट फुगून परत यायचे, पण त्यांचा शब्द दोन्हीकडं चालायचा. मला वाटलं, सापडला मार्ग.

“दादा, द्या मग तुमचाही चहा,” मी म्हणालो.

सुपरवायझर आधी भांबावला. मग त्याला इतका आनंद झाला की त्यानं खुर्ची मलाच दिली. पत्र्याच्या शेडमध्ये बसून मी चहा घेतला, वर खारी. टीचरकडं दोन सुकेळ्या खाल्ल्या होत्या म्हणून हिशेबानं अर्धा कप आणखी मागून घेतला. आणि एवढ्यावर थांबावं की नाही? रिकाम्या हातानं खाणं बरं दिसत नाही म्हणून मी बायकोच्या पुडीतली एक सुकेळी काढून सुपरवायझरला दिली. त्यानं खाल्ली. म्हणाला, “एक नंबर.” मी प्रसन्न होऊन मान वर केली, तर फाटकाशी टीचर उभ्या.

मला वर्गात कधी कुणी छडी मारली नव्हती. त्या बघण्यानं ती उणीव भरून निघाली.

तेवढ्यात मॅडम आणि साहेब परत आले आणि एकाच वेळी दोन तक्रारी सुरू झाल्या. सुपरवायझर म्हणाला, तपासणीवाले तक्रारदाराचं खातात, आम्हाला ही तपासणी मान्य नाही. टीचर म्हणाल्या, “हा माणूस ठेकेदाराच्या खुर्चीत बसून चहा पितो. माझ्या घरची सुकेळी त्याला भरवतो. ही तपासणी मलाच मान्य नाही.”

खात्याचे साहेब माझ्याकडे कौतुकानं बघत होते. “दोन्ही बाजू एका मुद्द्यावर आलेल्या मी पहिल्यांदाच बघतोय,” ते म्हणाले.

मॅडमनी मला विचारलं, “काय काय घेतलंस?”

मी सांगितलं. पाणी, सुकेळी, चहा, खारी, अर्धा चहा. तो अर्धा का, तेही सांगितलं, चुलत्यांसकट.

“आपलं पाणी कुठंय?”

“मशीनला घातलं मॅडम. पातं तापत होतं.”

मॅडमनी पातं निरखून बघितलं. मग त्यांनी खिशातून मार्कर काढला आणि त्या दिवशी काढलेल्या कोअरवर मोठी फुली मारली. साहेबांना म्हणाल्या, “ही तपासणी मी रद्द करतेय. कारणही मीच लिहून देते. दुसरी लॅब लावा.”

“म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?” टीचर म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा पडला. “आणि बावखल? ते थांबणार आहे का तुमच्या दुसऱ्या लॅबसाठी? रोज पाणी येतंय आत.”

“टीचर, हा अहवाल मी पुढे रेटला तर हे लोक तो व्हिडिओ दाखवतील आणि तुमची तक्रार तिथंच संपेल. मग दुसरी लॅब येणारच नाही.”

मी पुढे होऊन सुकेळीची पुडी टीचरच्या हातात परत दिली. त्यांनी ती दाबून बघितली. “एक कमी आहे.”

“ती ह्यांनी खाल्ली,” मी म्हणालो आणि सुपरवायझरकडं बोट केलं. तो सभ्य निघाला, त्यानं मान खाली घातली.

टेम्पो निघाला. मी विचारलं, “मॅडम, उद्यापासून येऊ का नको?”

“ये. मशीन पुसायचंय.”

“मॅडम, दोन्हीकडचं खाल्लं म्हणजे मी मधे आलो ना?”

“नाही रे. दोन्हीकडचा झालास,” मॅडम म्हणाल्या. “तुझे चुलते भांडण मिटवायला जायचे. आपण मिटवायला जात नाही. आपण बघायला जातो.” मग थोड्या वेळानं, बाहेर बघत, “पातं वाचवलंस ते बरं केलंस.” मी थँक्यू म्हणणार होतो. मशीनवाल्यानं माझ्या पायावर पाय दिला.

घरी सगळं सांगितलं तर बायको म्हणाली, “एवढं रामायण केलं अन्‌ एकबी सुकेळी घरी आणली नाही?”

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. लॅबमध्ये मी कुठंही पाणी सांडलेलं बघितलं की मला राखाडी साय दिसायची. दुसरी लॅब आली का, कोअर काढले का, मी मॅडमना सारखा विचारायचो. त्या म्हणायच्या, “ते त्यांचं काम. मी विचारणार नाही आणि तूही विचारायचं नाहीस.” एका रविवारी राहवलं नाही म्हणून वसईला जाऊन गिरीजच्या बसमध्ये बसलो. नुसतं लांबून बघू, बावखल कसं आहे. बस सुटल्यावर मनात आलं, आपण तिथं दिसलो आणि सुपरवायझरनं पुन्हा शूट केलं तर? टीचरच्या बाजूनं काळजी करणं हेसुद्धा एक बाजू घेणंच नाही का? पुढच्याच थांब्यावर उतरलो. कंडक्टर म्हणाला, “अहो, तिकीट गिरीजचं काढलंय.” मी म्हणालो, “हो, थँक्यू,” आणि चालत परत आलो.

शेवटी मॅडमनीच एक दिवस सांगितलं. दुसऱ्या लॅबनं काढलेला कोअर मशीनमधून बाहेर येतानाच दोन तुकडे होऊन पडला होता. ठेकेदाराला भिंत पाडायला लावली. ती पाडली, पुन्हा बांधली. बावखल उपसलं, गाळ काढला, झरे मोकळे केले. आणि नव्या भिंतीची तपासणी करायची वेळ आली तेव्हा खात्यानं पत्र पाठवलं ते आमच्या लॅबला. मी म्हणालो, काहीतरी चूक झाली असेल. मॅडम म्हणाल्या, “तक्रारदारानंच मागणी केलीय. स्वतःचे कोअर स्वतः बाद करणारी बाई मला हवी, असं लिहिलंय.”

“मॅडम, मला नका नेऊ.”

“नळी कोण धरणार?”

ह्या वेळी टेम्पोत पिण्याचे कॅनच दोन होते. एक आमच्यासाठी, आणि एक, मॅडम म्हणाल्या, तुझ्या भीतीसाठी.

गिरीजला पोचलो तेव्हा बावखलातलं पाणी अजून गढूळ होतं, पण साय नव्हती, आणि कडेला नवी केळी लावलेली दिसली. सुपरवायझर दुसराच होता, त्यानं जागा सुचवली नाही. टीचर फाटकाशी उभ्या होत्या. मी मान खाली घालून नळी धरली. कोअर सुटून आला तो सबंध, हातात धरला तर जड, थंड. मॅडमनी तो उलटासुलटा करून बघितला, आकडा लिहिला, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मी मात्र न राहवून टीचरकडे बघून हसलो.

“हसतोस काय?” त्या म्हणाल्या. “अजून दाबून फोडायचाय ना तो? अहवाल आल्यावर हस.”

“हो टीचर.”

ऊन तेवढंच होतं. माझे ओठ सुकले होते, आणि ते त्यांना दिसत होतं, कारण त्या तिथंच, चष्म्यातून, माझ्या ओठांकडेच बघत उभ्या होत्या. घरातून कुणीतरी तांब्या घेऊन ओटीवर आलं. टीचरनी त्यांच्या बोलीत काहीतरी म्हटलं, ह्या वेळी मला ते न कळताच कळलं, आणि तो तांब्या आत गेला.

आम्ही मशीन टेम्पोत चढवलं, कॅन उचलले, निघालो, तरी त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. एवढा मान मला आजवर कुणी दिला नव्हता.